प्रशिक्षणाचा प्लॅटफॉर्म बदलताना: धावपटू, सायकलपटू, ट्रायथलीट आणि त्यांच्या प्रशिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

मॅरेथॉन, लांब पल्ल्याची सायकलिंग आणि ट्रायथलॉन यांचे जे प्रशिक्षक आपल्या खेळाडूंचा सराव ट्रेनिंगपीक्स, फायनल सर्ज, इंटरव्हल्स डॉट आयसीयू किंवा अशाच एखाद्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर आखतात आणि आता दुसरीकडे जाण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या खेळाडूंसाठी हे पान आहे. अमुक प्लॅटफॉर्म घ्या, तमुक सोडा, असा सल्ला येथे मिळणार नाही, कारण तो निर्णय खेळाडूंची संख्या, त्यांच्याकडची उपकरणे आणि प्रशिक्षकाची कामाची पद्धत यांवर अवलंबून असतो. पुण्यातील आमच्या छोट्या गटाने हे स्थलांतर दोनदा केले. पहिल्या वेळी आम्ही घाई केली होती, आणि खालची बरीचशी उत्तरे त्या घाईने शिकवली आहेत.

प्लॅटफॉर्म बदलण्याइतके कारण आपल्याकडे आहे, हे कसे ओळखावे?

नव्या प्लॅटफॉर्मचे आलेख अधिक देखणे आहेत, एवढ्यावर बदल करू नये. बऱ्याच खेळाडूंची घड्याळे सध्याच्या प्लॅटफॉर्मशी थेट जोडली जात नसतील आणि निम्मा सराव व्हॉट्सॲपवरच्या स्क्रीनशॉटमधून समजून घ्यावा लागत असेल, तर बदलाचा विचार योग्य आहे. दर खेळाडूमागे आकारले जाणारे शुल्क गट वाढल्यावर परवडेनासे झाले असेल, तरीही तो योग्य आहे.

माहितीची वाट अचानक बंद झाल्यामुळे निघायचे असेल, तर मात्र थोडे थांबून पाहावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्ट्राव्हा या सराव नोंदवण्याच्या ॲपने आपल्या एपीआयच्या (इतर ॲपना माहिती पुरवणाऱ्या जोडणीच्या) अटी बदलल्या आणि स्ट्राव्हामार्गे दुसऱ्या ॲपमध्ये आलेली नोंद ज्याची आहे त्यालाच दाखवता येईल, इतरांना नाही, असे ठरवले. त्यामुळे अनेक प्रशिक्षकांना आपल्याच खेळाडूंच्या नोंदी दिसेनाशा झाल्या. अशा वेळी खेळाडूचे गार्मिन, कोरोस, पोलर, सुंटो किंवा वाहू अशा उपकरण बनवणाऱ्या कंपनीचे खाते प्लॅटफॉर्मशी थेट जोडले, मधली स्ट्राव्हाची पायरी गाळली, तर पुष्कळदा प्रश्न तेथेच मिटतो आणि घर बदलण्याची गरज उरत नाही.

बदल वर्षाच्या कोणत्या काळात करावा?

मुख्य शर्यतीच्या आधीच्या बारा आठवड्यांत करू नये, हा आमचा पक्का नियम आहे. महाराष्ट्रातील बहुतेक रस्त्यावरच्या धावपटूंचे वर्ष जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनला संपते आणि पावसाळ्यातील सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीने पुन्हा वेग घेते. या दोहोंच्या मधले फेब्रुवारी आणि मार्च हे महिने सरावाच्या दृष्टीने तुलनेने सैल असल्यामुळे स्थलांतरास सोयीचे पडतात. गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ची (पोहणे, सायकल आणि धावणे अशा ट्रायथलॉनची) तयारी करणाऱ्यांनाही हा काळ चालतो.

अपवाद कॉम्रेड्सला जाणाऱ्यांचा. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांदरम्यानची ही सुमारे ९० किलोमीटरची शर्यत बहुधा जूनमध्ये असते, म्हणजे फेब्रुवारी ते मे हाच त्यांच्या सर्वांत जड सरावाचा काळ असतो. आमच्या गटातील असे चार जण आम्ही जूनअखेरपर्यंत जुन्याच प्लॅटफॉर्मवर ठेवले. काही महिने दोन ठिकाणी लक्ष ठेवण्याचा त्रास झाला, पण ऐन एप्रिलमध्ये आठवड्याचा आराखडा कुठे पाहायचा हे विचारणारे फोन आले नाहीत.

जुन्या प्लॅटफॉर्मवरून काय काय आणता येते आणि काय मागे राहते?

घड्याळाने किंवा सायकल-कॉम्प्युटरने लिहिलेली मूळ फाइल ही सर्वांत महत्त्वाची आहे. आजची बहुतेक उपकरणे ती फिट (.fit) स्वरूपात लिहितात, आणि तिच्यात हृदयगती, पॉवर (वॉटमध्ये मोजलेला जोर), केडन्स (पावलांचा किंवा पेडलचा दर), लॅप, तापमान, कोणते सेन्सर जोडलेले होते, असे सगळे असते. टीसीएक्स स्वरूपात यातले बरेच टिकते. जीपीएक्स हे मुळात मार्गाचे स्वरूप आहे. त्यात स्थान, उंची आणि वेळ नीट येतात, परंतु लॅपची रचना हरवते आणि पॉवर किंवा हृदयगती येईलच याची खात्री नसते. म्हणून निर्यात करताना तीन पर्याय समोर आले, तर फिट घ्यावे, आणि ‘मूळ फाइल’ असा पर्याय असेल तर दुसरे काही पाहू नये.

मूळ फाइली नव्या ठिकाणी चढवल्या की पॉवर-वक्र (किती वेळ किती पॉवर टिकली याचा आलेख), सर्वोत्तम ५ किलोमीटर, आठवड्याची बेरीज अशा गोष्टी तेथे नव्याने मोजल्या जातात. त्या वेगळ्या आणाव्या लागत नाहीत. जे फाइलीत नसते ते मात्र मागे राहते. खेळाडूने सरावाखाली लिहिलेली टिप्पणी, प्रशिक्षकाचे उत्तर, आखलेला पण न झालेला सराव, हंगामाचा आराखडा, वजन आणि झोपेच्या नोंदी, बुटांचे किलोमीटर यांपैकी काही सीएसव्ही तक्त्याच्या रूपात निघते, काही निघतच नाही. पहिल्या स्थलांतरात आम्ही फाइली आणल्या आणि टिप्पण्या सोडल्या. वर्षभराने एका धावपटूची पोटरी पुन्हा दुखू लागली, तेव्हा आदल्या वेळी ती नेमकी कोणत्या आठवड्यात, कोणत्या सरावानंतर दुखली होती, हे सांगणारी एकही ओळ आमच्याकडे नव्हती. फाइलीत त्या दिवसाचा वेग होता, दुखणे नव्हते. आता आम्ही टिप्पण्यांचा तक्ता आधी उतरवतो आणि फाइलींचे नंतर पाहतो.

सरावांची लायब्ररी जशीच्या तशी नेता येईल का?

बहुधा नाही, आणि आमच्या मते त्याचे दुःख करू नये. लायब्ररीत शेकडो सराव साठलेले असतात, परंतु वर्षभर फिरून-फिरून वापरले जातात ते तीस-चाळीस. ते हाताने नव्याने लिहून काढावेत. तसे करताना ‘मध्यम वेगाने २० मिनिटे’ यासारख्या ढिल्या सूचनाही आपोआप दुरुस्त होतात.

नव्या प्लॅटफॉर्मवर माझी फिटनेस एकदम घसरलेली आणि थकवा प्रचंड दिसतो आहे. काही बिघडले आहे का?

शरीरात काही बिघडलेले नाही. आलेखाला तुमचा इतिहास माहीत नाही, एवढेच झाले आहे. हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक वेळा विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

फिटनेस, थकवा आणि ताजेपणा दाखवणाऱ्या आलेखांचे मूळ बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानात आहे. आज रूढ असलेल्या पद्धतीत रोजच्या सरावभाराची, म्हणजे सराव किती जड झाला या आकड्याची, दोन प्रकारे सरासरी काढतात. एक ४२ दिवसांच्या कालांकाची (कालांक जितका मोठा, तितकी सरासरी हळू बदलते), जिला सीटीएल किंवा नुसते ‘फिटनेस’ म्हणतात, आणि दुसरी ७ दिवसांच्या कालांकाची, जिला एटीएल किंवा ‘थकवा’ म्हणतात. पहिलीतून दुसरी वजा केली की ‘फॉर्म’ मिळतो. ट्रेनिंगपीक्सवरील टीएसएस (सरावभाराचा आकडा) वगैरे नावे व्यापारचिन्हे असल्यामुळे इतर प्लॅटफॉर्मवर तीच कल्पना ‘लोड’ अशा वेगळ्या नावाने आढळते.

समजा, एक खेळाडू अनेक महिने दिवसाला सरासरी ६० इतका भार घेत आहे. त्याची फिटनेस ६० च्या आसपास आणि फॉर्म शून्याजवळ असायला हवा. तो रिकाम्या खात्यात दाखल झाला की दोन्ही सरासऱ्या शून्यापासून निघतात. चौदा दिवसांनी थकव्याचा आकडा ५२ पर्यंत पोचलेला असतो, कारण त्याची सरासरी आखूड आहे. फिटनेस मात्र १७ च्या जवळ रेंगाळत असते. फॉर्म उणे ३५ दिसतो, आणि प्लॅटफॉर्म लाल रंगात विश्रांतीचा इशारा देतो. नेहमीचाच सराव करणाऱ्या माणसाला तो इशारा लागू नसतो. ४२ दिवसांनी फिटनेस ३८ च्या घरात येते, आणि खऱ्या आकड्याच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोचायला १२६ दिवस, म्हणजे चार महिन्यांहून अधिक काळ लागतो.

यावर दोन उपाय आहेत. किमान सहा महिन्यांच्या, शक्य तर वर्षभराच्या मूळ फाइली आधी चढवाव्यात आणि मगच आलेख उघडावा. ते शक्य नसेल आणि प्लॅटफॉर्म परवानगी देत असेल, तर आरंभीचा आकडा हाताने भरावा. दोन्ही जमत नसेल तर पहिले चार महिने तो आलेख खेळाडूंना दाखवू नये. घाबरून सराव कमी केलेला धावपटू पुन्हा रुळावर आणणे हे आलेख दुरुस्त करण्यापेक्षा अवघड काम आहे.

फाइली चढवल्या, तरी जुन्या राइडचे आकडे पूर्वीपेक्षा कमी का दिसतात?

कारण नवा प्लॅटफॉर्म आजची एफटीपी (सुमारे तासभर टिकवता येणारी जास्तीत जास्त पॉवर) जुन्या राइडला लावत असण्याची शक्यता मोठी आहे. पॉवरवर आधारित भार हा वेळेवर आणि तीव्रतेच्या (पॉवर भागिले एफटीपी) वर्गावर, म्हणजे तिला तिनेच गुणून, ठरतो, आणि एफटीपीवर बरोबर एक तास चालवले की १०० धरला जातो. गेल्या वर्षी तुमची एफटीपी २०० वॉट होती आणि तुम्ही १६० वॉटच्या नॉर्मलाइज्ड पॉवरने (चढउतार धरून काढलेल्या सरासरीने) दोन तास सायकल चालवली, तर त्या दिवशीचा भार १२८ होता. आज एफटीपी २२० झाली आहे आणि तीच भूतकाळाला लागू केली, तर तीच राइड १०६ दिसते. तुम्ही सुधारलात म्हणून तुमचा सगळा इतिहास हलका होतो.

म्हणून फाइली चढवण्याआधी प्रत्येक खेळाडूच्या एफटीपीचा आणि तेवढ्याच कष्टाला असणाऱ्या हृदयगतीचा व वेगाचा (उंबरठा हृदयगती, उंबरठा वेग) तारखांसह तक्ता तयार करावा आणि तो नव्या प्लॅटफॉर्मवर त्या-त्या तारखांनी भरावा. सायकल, धावणे आणि पोहणे यांचे तक्ते वेगळे असतात हे विसरू नये. ज्यांची शेवटची चाचणी सहा महिन्यांहून जुनी आहे, त्यांची आम्ही स्थलांतराच्याच आठवड्यात नवी चाचणी घेतली. सायकलसाठी २० मिनिटांची आणि तिच्या सरासरी पॉवरच्या ९५ टक्के ही एफटीपी, धावण्यासाठी ३० मिनिटांची आणि तिच्या शेवटच्या २० मिनिटांची सरासरी हृदयगती हा उंबरठा.

एवढे करूनही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. एक प्लॅटफॉर्म धावण्याचा भार वेगावरून काढतो, दुसरा हृदयगतीवरून. एप्रिलच्या उन्हात किंवा मुंबईच्या दमटपणात वेग तोच असताना हृदयगती चढते, आणि दुसऱ्या पद्धतीत तीच धाव जड ठरते. सिंहगडाच्या घाटात चढाचा हिशेब कोण कसा करतो, यावरही फरक पडतो. एकच पद्धत निवडून तिच्याशी प्रामाणिक राहावे. जुन्या आकड्यांशी नव्यांची शेजारी-शेजारी तुलना करू नये.

प्रशिक्षकाने ‘झोन २’ सांगितला, पण घड्याळ ‘झोन ३’ दाखवते. कोणाचे ऐकावे?

प्रशिक्षकाचे, आणि घड्याळातील झोन त्याच दिवशी बदलून घ्यावेत. झोन म्हणजे सरावाच्या तीव्रतेचा टप्पा, आणि ‘झोन २’ हे नुसते एक नाव आहे; त्यामागचा आकडा पद्धतीनुसार वेगळा असतो. जो फ्रील यांच्या धावण्याच्या पद्धतीत झोन २ हा उंबरठा हृदयगतीच्या ८५ ते ८९ टक्के असतो. उंबरठा १७० असलेल्या धावपटूसाठी तो साधारण १४५ ते १५१ ठोके येतो. गार्मिनच्या घड्याळातील मूळ मांडणी कमाल हृदयगतीवर आधारलेली असून तिच्यात ६० ते ७० टक्के हा झोन २ आहे. कमाल १९० असेल, तर तो ११४ ते १३३ ठोके इतका होतो. म्हणजे प्रशिक्षकाचा झोन २ हा या घड्याळाचा झोन ३ आहे, आणि घड्याळाच्या झोन २ मध्ये राहायचे म्हटले तर अनेकांना चालावेच लागेल. तीन झोनांची मांडणी वापरणारे प्रशिक्षकही आहेत, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. स्थलांतराच्या काळात आम्ही दोन महिने झोनचे नावच घेतले नाही. सराव थेट ठोक्यांत, वॉटमध्ये किंवा मिनिटे-प्रति-किलोमीटरमध्ये लिहिला.

रविवारची लांब धाव शनिवारी का दिसते?

फाइलीतील वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. खात्यात वेळेचा पट्टा (टाइम झोन) भारताचा नसून जागतिक प्रमाणवेळेचाच राहिला असेल, तर पहाटे पाचला सुरू केलेली धाव आदल्या दिवशी रात्री साडेअकराची ठरते. साडेपाचनंतर बाहेर पडणाऱ्यांच्या नोंदी बरोबर दिसतात, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. पहाटे लवकर उठणाऱ्यांचेच वेळापत्रक बिघडते. सोमवारची पहाटेची धाव तर मागच्या आठवड्यात जाते आणि दोन्ही आठवड्यांच्या बेरजा चुकतात. फाइली चढवण्यापूर्वी प्रत्येकाच्या खात्यातील वेळेचा पट्टा पाहावा, कारण काही ठिकाणी तो नंतर बदलला तरी आधी आलेल्या नोंदी जागच्या हलत नाहीत.

ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला ४० तासांची मर्यादा असते आणि ती एकाच फाइलीत नोंदवली, तर सगळा भार सुरुवातीच्या तारखेवर पडतो. हा दोष नाही, परंतु त्या दिवसाचा उंच मनोरा पाहून पुढचा आठवडा ठरवू नये.

एकच सराव दोनदा का आला आहे?

तो दोन वाटांनी आला आहे. घड्याळाचे खाते थेट जोडलेले आहे आणि स्ट्राव्हाही जोडलेले आहे, किंवा घरातल्या ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवण्याच्या यंत्रावर) झ्विफ्ट या ॲपनेही नोंद केली आणि मनगटावरच्या घड्याळानेही. एका खेळासाठी एकच वाट ठेवावी. दुहेरी नोंदीने भार दुप्पट होतो.

ज्या खेळाडूंकडे फक्त फोन किंवा साधे घड्याळ आहे, त्यांचे काय करावे?

आमच्या गटातील ग्रामीण भागातून येणाऱ्या काही धावपटूंकडे महागडे घड्याळ नाही, आणि त्यांच्यामुळे गटाची गती अडते असे मानणे आम्हाला मान्य नाही. फोनवरील ॲपमध्ये नोंद झाली, तर खेळाडूने स्वतः संगणकावरून फाइल उतरवून नव्या प्लॅटफॉर्मवर चढवावी. तेही शक्य नसेल, तर सरावाला लागलेली मिनिटे, अंतर आणि दहापैकी किती कष्ट वाटले हा आकडा हाताने भरावा. मिनिटे गुणिले कष्टाचा आकडा, एवढ्या साध्या हिशेबावरही आठवड्यांची तुलना उत्तम होते.

सूचना मराठीत लिहिता येतील का?

प्लॅटफॉर्मवर आणि फोनवर लिहिता येतात, आणि लिहाव्यात. मात्र घड्याळावर पाठवलेल्या संरचित सरावातील पायऱ्यांची नावे देवनागरीत ठेवण्याआधी प्रत्येक प्रकारच्या घड्याळावर एकदा तपासून पाहावे. काही घड्याळे अक्षरांच्या जागी चौकोन दाखवतात, आणि पाचवे इंटरव्हल चालू असताना चौकोन वाचायला कोणाला सवड नसते. टिप्पण्यांचा सीएसव्ही तक्ता एक्सेलमध्ये थेट उघडला, तर मराठी मजकुराची विचित्र चिन्हे होऊ शकतात. फाइल बिघडलेली नसते. ती ‘डेटा’ मेनूतून आयात करून यूटीएफ-८ हा संकेत निवडला की मजकूर नीट दिसतो. बिघडलेला तक्ता मात्र त्याच नावाने जतन करू नये, कारण मग मूळ मजकूर खरोखरच जातो.

वर्गणी आपोआप कापली जात नाही आणि खाते बंद पडते. हे कसे टाळावे?

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरील आवर्ती वजावटीसाठी अधिकृत ई-मँडेट (आगाऊ नोंदवलेली संमती) आवश्यक केला, आणि परदेशी कंपन्यांच्या वर्गण्या अनेकदा येथे अडतात. ई-मँडेट असला, तरी १५,००० रुपयांवरील रकमेला दर वेळी वेगळी संमती द्यावी लागते. आम्ही प्रशिक्षकाच्या खात्याची वर्षाची वर्गणी एकदम भरतो आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरात लिहून ठेवतो.

खेळाडूची माहिती कोणाला दिसते? अठरा वर्षांखालील खेळाडूंचे काय?

जुन्या प्लॅटफॉर्मवर दिलेली संमती नव्याला लागू होत नाही, म्हणून प्रत्येकाला पुन्हा विचारावे. सराव दिसावा, पण वजन, झोप आणि मासिक पाळीच्या नोंदी दिसू नयेत, असे एखादीने सांगितले तर ते कोणताही प्रश्न न विचारता मान्य करावे. घराभोवतीचा मार्ग झाकण्याची सोय असेल, तर ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस बालक मानतो आणि तिची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षितो. शाळकरी धावपटूंचे खाते प्रशिक्षकाने स्वतःच्या ईमेलवर उघडू नये. सोयीचे वाटते, पण माहिती कोणाची हा प्रश्न तेथेच चुकीच्या पद्धतीने सुटतो. पालकांच्या ईमेलवर, पालकांसमोर, त्या प्लॅटफॉर्मची वयाची अट वाचून खाते उघडावे.

जुने खाते कधी बंद करावे?

नव्या ठिकाणी एक पूर्ण हंगाम निघाल्यावर. सशुल्क वर्गणी आधी थांबवण्यास हरकत नाही, पण वर्गणी थांबल्यावर निर्यातीची सोय उरते की नाही, हे आधी लेखी विचारून घ्यावे. तोपर्यंत प्रत्येक खेळाडूच्या मूळ फाइली त्याच्या स्वतःच्या ताब्यात, एखाद्या हार्ड डिस्कवर असाव्यात. २३ जुलै २०२० रोजी गार्मिनवर सायबर हल्ला झाला आणि गार्मिन कनेक्ट अनेक दिवस बंद राहिले, तेव्हा घड्याळ केबलने संगणकाला जोडून ‘ॲक्टिव्हिटी’ फोल्डरमधील फाइली ज्यांना काढता येत होत्या, त्यांचा एकही सराव अडला नाही. खेळाडूंना ही कृती एकदा प्रत्यक्ष करून दाखवावी.

स्ट्राव्हावरून सगळा संग्रह एकदम मागवता येतो. विनंती केल्यावर दुवा ईमेलने येतो. त्या संग्रहातील फाइलींची नावे निव्वळ क्रमांकांची असतात, आणि कोणता क्रमांक कोणत्या दिवसाचा हे सोबतच्या ‘ॲक्टिव्हिटीज’ नावाच्या सीएसव्ही तक्त्यातून कळते. तो तक्ता फाइलींपासून वेगळा करू नये.